तिकडून उडालं तर सहाशे युरो, इकडून उडालं तर बारा डॉलरचं व्हाउचर : अमेरिकेच्या वाहतूक खात्याला आणि काँग्रेसला खुलं पत्र

प्रति,
माननीय वाहतूक सचिव, वॉशिंग्टन डीसी
तसंच काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांमधले सन्माननीय सदस्य

स.न.वि.वि.

तुम्हाला इंग्रजीत आधीच लिहून झालंय. उत्तरही आलं, तुमचं मत आम्हाला मोलाचं वाटतं वगैरे, खाली छापील सही. त्यामुळे आता हे पत्र मराठीत आणि चारचौघांत. तुम्ही ते वाचाल अशी फारशी आशा नाही, पण न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलपर्यंत जी मराठी मंडळी दरवर्षी आईवडलांना आणा-सोडायच्या निमित्ताने विमानतळांवर रात्री काढतात ती वाचतील, आणि त्यातल्या कित्येकांचं ग्रीन कार्ड जाऊन आता अमेरिकेचा निळा पासपोर्ट आलाय, म्हणजे मत आहे.

विषय असा. डिसेंबर २०२४ मध्ये तुमच्याच खात्याने एक प्रस्ताव मांडला होता. विमान कंपनीच्या हातातल्या कारणाने, म्हणजे विमानात बिघाड, क्रू वेळेवर नाही, कॉम्प्युटर सिस्टीम बसली, असल्या कारणाने देशातली फ्लाईट तीन तास किंवा त्याहून जास्त लेट झाली तर प्रवाशाला रोख भरपाई, २०० डॉलरपासून ७७५ डॉलरपर्यंत, उशीर वाढेल तशी रक्कम वाढणार. वादळ, बर्फ यातलं काही असेल तर कंपनीवर बोजा नाही. तो नियम झालेला नव्हता, लोकांची मतं मागवायची पहिली पायरी होती फक्त. मग सरकार बदललं आणि २०२५ मध्ये तुम्ही तो प्रस्तावच मागे घेतलात. कारण दिलंत की कोणी किती भरपाई द्यायची हे कंपन्यांनी स्पर्धेतून ठरवावं, सरकारने किमान आकडा लादू नये.

अहो, स्पर्धेतून ठरायचं असतं तर एव्हाना ठरलं नसतं का? १९७८ साली कार्टरसाहेबांनी सही केली आणि विमानधंदा मोकळा झाला, भाडी, मार्ग सगळं कंपन्यांच्या हातात गेलं. तेव्हापासून किती कंपन्या आल्या, किती बुडाल्या, किती एकमेकींत विलीन झाल्या, आणि शेवटी उरल्या चार मोठ्या, ज्यांच्याकडे देशातला बहुतांश धंदा आहे. इतक्या वर्षांत स्पर्धेने आमच्या पायांना दोन इंच जागा जास्त दिली नाही, उलट होती ती काढून घेतली, आणि तुम्ही म्हणता आता स्पर्धा आम्हाला लेट झाल्याचे पैसे देईल.

युरोपात हा प्रश्न २००४ मध्येच निकालात निघाला. २६१ नंबरचा त्यांचा नियम, फेब्रुवारी २००५ पासून लागू आहे. दीड हजार किलोमीटरपर्यंत २५० युरो, मधल्या पल्ल्याला ४००, साडेतीन हजाराच्या वर ६००. आधी ही भरपाई कॅन्सल झालेल्या आणि सीट नाकारलेल्या प्रवाशांनाच होती, २००९ मध्ये त्यांच्या कोर्टाने सांगितलं की तीन तास उशिरा पोचलेल्या माणसाचा वेळही तेवढाच फुकट गेलेला असतो, तर त्यालाही द्या. त्याच्या आदल्या वर्षी, २००८ मध्ये, त्याच कोर्टाने आणखी एक दार बंद केलं होतं, की विमानातला साधा बिघाड हे काही आभाळ कोसळणं नव्हे, विमान नीट ठेवणं हे कंपनीचं रोजचं काम आहे, त्यामुळे ‘असाधारण परिस्थिती’ म्हणून हात वर करता येणार नाहीत. आणि हा नियम युरोपातून उडणाऱ्या प्रत्येक कंपनीला लागू, मग ती अमेरिकन का असेना. युरोपकडे येताना मात्र फक्त युरोपियन कंपन्यांना लागू.

यात माझा काय संबंध तेही सांगतो, नाहीतर म्हणाल कोण हा लष्कराच्या भाकऱ्या भाजतोय. धाकटा भाऊ नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला, मी न्यू जर्सीत, आणि आई सांगलीची. वडील गेल्यापासून तिचं वर्ष तीन ठिकाणी वाटलेलं असतं. मागच्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे होती, म्हटलं मुलीला पण काका-काकूंकडे नेऊ, म्हणून आम्ही तिघं न्यूयॉर्कहून ॲमस्टरडॅमला निघालो, अमेरिकन कंपनी, नाव घेत नाही कारण या बाबतीत सगळ्या एकाच माळेचे मणी आहेत. संध्याकाळची फ्लाईट. आधी चाळीस मिनिटं लेट, मग तास, मग परत तास, प्रत्येक वेळी फोनवर मेसेज आणि बोर्डावर नवीन वेळ, कारण फक्त ‘टेक्निकल’. दहाच्या पुढे कधीतरी माणशी बारा डॉलरचं फूड व्हाउचर मोबाइलवर आलं. तोपर्यंत आमच्या गेटच्या बाजूची दुकानं शटर ओढून बसलेली, एकच ते गार सँडविचवालं उघडं, तिथल्या मशीनला तो कोड वाचता येईना. दुकानातली मुलगी बिचारी तीन-चारदा वरखाली करून म्हणाली, सॉरी, हे आमच्याकडे चालत नाही. आईला डायबेटिस, गोळी घेऊन झालेली. नशीब तिच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, ती पिशवी मी घरातून निघताना ‘कशाला हे ओझं’ म्हणून काढायला सांगत होतो आणि तिने ऐकलं नव्हतं. व्हीलचेअरवाल्या मुलाची शिफ्ट संपली, तो खुर्ची ठेवून गेला. हॉटेलचं विचारलं तर काउंटरवरचं उत्तर, सकाळी निघणारच आहे ना. निघाली सकाळीच. भरपाई शून्य. तक्रार केली त्यावर काही हजार माइल्स (म्हणजे कंपनीचे बक्षीस पॉइंट) खात्यात टाकले, ज्यात धड एक तिकीटही येत नाही.

परतीला तीच कंपनी, ॲमस्टरडॅमहून न्यूयॉर्क, आणि पुन्हा बिघाड, पाच तासांवर लेट. फरक एवढाच की तिथे चेक-इनच्या काउंटरवर एक बोर्ड लावलेला असतो, लावावाच लागतो, की तुमची फ्लाईट कॅन्सल झाली किंवा किमान दोन तास लेट झाली तर तुमच्या हक्कांचा कागद आमच्याकडे मागा. मागितला, मिळाला. जेवणाचं कूपन मिळालं आणि ते चाललं. घरी आल्यावर क्लेम टाकला तर पहिलं उत्तर नकाराचंच आलं (तिकडेही कंपन्या काही हरिश्चंद्राचे अवतार नाहीत), मग भावाने त्या २००८ च्या निकालाचा हवाला देऊन अर्धं पान लिहिलं आणि काही आठवड्यांत पैसे जमा. तिघांचे अठराशे युरो. वकील नाही, कोर्ट नाही.

कंपनी तीच, तिकीट तेच, बिघाड दोन्हीकडे. मधे फक्त अटलांटिक. आणि ज्या बाजूला उशीर जास्त झाला, एक म्हातारी बाई रात्रभर खुर्चीत बसली, त्या बाजूचं सरकार माझं आहे, त्याला मी टॅक्स भरतो. आता कोणी कायद्याचा जाणकार म्हणेल की आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार आहे, त्याखाली मागा. मागता येतं हो, पण तिथे प्रत्यक्ष किती नुकसान झालं ते पावत्यांसकट सिद्ध करायचं, आणि ‘आम्ही शक्य ते सगळं केलं’ हे कंपनीने पटवलं की संपलं. दशम्यांची पावती कुठून आणू?

तर आता गाऱ्हाणी एकेक करून मांडतो.

पहिलं, तुमचा तो डॅशबोर्ड. सप्टेंबर २०२२ मध्ये तुमच्या खात्याने वेबसाइटवर तक्ता टाकला, दहा मोठ्या कंपन्या, कोण काय द्यायला तयार आहे त्यावर हिरवी खूण. चांगलं काम होतं, खरंच, कारण नावं चव्हाट्यावर आल्यावर तीन तासांच्या वर जेवण द्यायला सगळ्या तयार झाल्या आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल द्यायला एक सोडून सगळ्या. पण रोख पैशाच्या रकान्यात एकही कंपनी खूण करून घेईना. म्हणजे तुमची ती स्पर्धा तिथे झालेली आहे, निकाल लागलेला आहे, दहापैकी शून्य. शिवाय जे कबूल केलं तेही कंपनीने स्वतःच्या मर्जीने लिहिलेलं आश्वासन, उद्या तिने ते बदललं तर मी काय करणार.

दुसरं गाऱ्हाणं सगळ्यात मोठं आणि त्यावर जरा थांबतो, कारण युरोप आणि अमेरिका यांच्यातला खरा फरक मला वाटतं इथे आहे. आपल्याकडे, म्हणजे गप्पांमध्ये, सरसकट म्हणतात की युरोपातलं सरकार माणसांचं आणि अमेरिकेतलं कंपन्यांचं. इतकं सोपं नाहीये ते. थॅलिडोमाइडचं प्रकरण आठवा. पश्चिम जर्मनीत १९५७ पासून ती गोळी दुकानातून खुशाल विकली जात होती, गरोदर बायका घेत होत्या, हजारो मुलं हातापायांची वाढ खुंटलेली जन्मली. आणि अमेरिकेत त्याच औषधाची फाइल एफडीएमधल्या, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या खात्यातल्या, फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाईंनी अडवून धरली, कंपनीने कितीही तगादा लावला तरी पुरावा पुरेसा नाही म्हणून सही केली नाही. १९६२ मध्ये केनेडींनी त्यांना पदक दिलं. तेव्हा माणसांना वाचवणारं सरकार इथलं होतं. अगदी अलीकडचं घ्या, फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा, गाड्यांच्या धुराच्या चाचणीत केलेली फसवणूक. इथे २०१६ मध्ये सुमारे १४.७ अब्ज डॉलरची तडजोड झाली, कंपनीने गाड्या परत विकत घेतल्या आणि वर गाडीमागे ५१०० डॉलर ते १० हजारांपर्यंत मोजले. जर्मनीत, कंपनीच्या माहेरी, लोक २०२० पर्यंत ताटकळले आणि मिळाले १३५० ते ६२५७ युरो.

म्हणजे दोघांची रीत वेगळी आहे. युरोप आधी दार लावतो, नियम करतो, पुरावा थोडा कच्चा असला तरी करतो, कंपन्या कुरकुरतात तरी करतो. अमेरिका म्हणते धंदा करू द्या, आधीपासून हात बांधू नका, पण कोणाचं नुकसान झालं तर तो कोर्टात जाईल आणि कंपनीला असा फटका बसेल की पुन्हा हिंमत होणार नाही. ही पण एक व्यवस्था आहे, मला ती तत्त्वतः मान्य आहे, फोक्सवॅगनमध्ये ती चालली. प्रश्न असा की विमानाच्या बाबतीत तुम्ही तिचा दुसरा अर्धा भागच कापून टाकलाय.

कारण त्याच १९७८ च्या कायद्यात एक कलम आहे. विमान कंपनीचं भाडं, मार्ग किंवा सेवा यांच्याशी संबंधित कुठलाही कायदा राज्यांनी करायचा नाही. हेतू तेव्हा समजण्यासारखा होता, केंद्राने मोकळं केलेलं राज्यांनी परत बांधू नये. पण कोर्टांनी त्याचा अर्थ ताणत ताणत कुठे नेला बघा. १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की फसव्या भाड्याच्या जाहिरातींवर राज्यांचे ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्यांचे मुख्य सरकारी वकील, आपल्या ग्राहक कायद्याखाली कारवाई करू शकत नाहीत. १९९५ मध्ये म्हटलं की प्रवाशाला ग्राहक फसवणुकीचा राज्याचा कायदा वापरता येणार नाही, फक्त कंपनीने करार मोडला म्हणून दावा लावता येईल, आणि करार कोणी लिहिलेला, तर कंपनीने. आणि मग २००७. व्हॅलेंटाइन डेला बर्फ पडलं, न्यूयॉर्कच्या केनेडी एअरपोर्टवर जेटब्लूची विमानं माणसांसकट दहा दहा तास धावपट्टीजवळ उभी, संडास तुंबलेले, खायला चिप्स. न्यूयॉर्क राज्याने त्यावर कायदा केला, की विमान तीन तासांच्या वर जमिनीवर अडकलं तर प्रवाशांना पाणी, खाणं, हवा आणि वापरता येईल असा संडास द्या. बास, एवढंच, पैसे पण नाही मागितले. कंपन्यांची संघटना कोर्टात गेली आणि मार्च २००८ मध्ये अपील कोर्टाने तो कायदा रद्द केला. हेतू चांगला आहे हो, असं म्हणूनच रद्द केला, पण हा अधिकार फक्त केंद्राचा.

केंद्राचा म्हणजे तुमचा. आणि तुम्ही तो वापरत नाही. आई जेऊ घालीना आणि बाप भीक मागू देईना, याहून वेगळं काय आहे हे? राज्याने करू नये कारण केंद्राचा अधिकार, प्रवाशाने स्वतः खटला भरू नये कारण तुमच्या खात्याच्या ‘अन्याय्य आणि फसव्या पद्धती’च्या कलमाखाली सामान्य माणसाला दावाच करता येत नाही, आणि खात्याने करावं म्हटलं तर खातं म्हणतं स्पर्धेवर सोडूया.

बरं, तुम्हाला नियम करता येत नाहीत असंही नाही. धावपट्टीवर अडकायच्या त्या प्रकारानंतर २०१० मध्ये तुम्हीच नियम लागू केलात, देशातल्या फ्लाईटला तीन तासांची मर्यादा, नाहीतर प्रवाशामागे साडेसत्तावीस हजार डॉलरपर्यंत दंड. कंपन्यांनी तेव्हा बोंब मारली होती की आता फ्लाईट्स धडाधड कॅन्सल होतील. झालं काय, तर तासन्‌तास अडकून पडायचे प्रकार झपाट्याने कमी झाले. ओव्हरबुकिंगचंही, म्हणजे जागांपेक्षा जास्त तिकिटं विकण्याचंही, तसंच. १९७२ मध्ये ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणारे राल्फ नेडर यांना कन्फर्म तिकीट असताना ॲलेगेनी एअरलाइन्सने विमानात घेतलं नाही, ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, १९७६ मध्ये कोर्टाने त्यांचा दावा चालू दिला, आणि पुढे नियम आला की आधी स्वखुशीने सीट सोडणारे शोधा, जबरदस्तीने उतरवाल तर पैसे द्या. आज ती रक्कम २१५० डॉलरपर्यंत जाते. रोख. आणि हा आकडा सरकारनेच ठरवलेला. त्याने कुठली कंपनी बुडाली? मग सीट नाकारली तर पैसे आणि नऊ तास बसवून ठेवलं तर काही नाही, यात तर्क कुठला?

तिसरं, पैशाचं. कोविडमध्ये २०२० आणि २०२१ मिळून तुम्ही विमान कंपन्यांना पगारासाठी म्हणून ५४ अब्ज डॉलर दिलेत. माणसांच्या नोकऱ्या वाचल्या, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्याच काळात लोक कॅन्सल झालेल्या तिकिटांचे रिफंड मागून थकले होते, मिळत होतं काय, तर क्रेडिट. नोव्हेंबर २०२२ मध्ये खात्याने सहा कंपन्यांकडून ६० कोटी डॉलरहून जास्त रिफंड वसूल करून दिले, त्यात आपली एअर इंडिया पण होती, १२ कोटी १५ लाख डॉलर परत करायला लागले आणि वर १४ लाख दंड. आमच्यातल्या अनेकांना तेव्हा कुठे पैसे दिसले. त्याबद्दल आभारच मानतो. पण त्या सहांत अमेरिकेतली कंपनी एकच होती, फ्रंटियर, बाकी पाच परदेशी, हे पण लक्षात आहे आमच्या.

मे २०२४ मध्ये काँग्रेसने रिफंडचा नियम थेट कायद्यातच घातला, फ्लाईट कॅन्सल झाली किंवा देशात तीन, बाहेर सहा तास किंवा त्याहून जास्त हलली आणि प्रवाशाने जायचंच नाही म्हटलं तर पैसे आपोआप परत. दोन्ही पक्षांनी मतं दिली. हे उत्तम झालं. फक्त रिफंड म्हणजे न केलेल्या प्रवासाचे माझेच पैसे मला परत, त्याला भरपाई म्हणत नाहीत. आणि ज्याला आईला घेऊन जायचंच आहे तो काय प्रवास सोडून देणार?

चौथं, तिकिटं महागतील हा युक्तिवाद. हा तर प्रत्येक वेळी येतो. ज्या युरोपात हा नियम वीस वर्षं आहे तिथे आजही सेलमध्ये वीस-तीस युरोत एका देशातून दुसऱ्या देशात जाता येतं. आणि पैशाची भीती असली की व्यवस्था सुधारते, नसली की काय होतं ते डिसेंबर २०२२ मध्ये साउथवेस्टने दाखवलं, थंडीचं वादळ आलं, बाकीच्या कंपन्या लवकर सावरल्या, यांची क्रू लावायची जुनाट सिस्टीम कोसळली, १६,९०० फ्लाईट्स कॅन्सल, वीस लाखांवर माणसं ऐन ख्रिसमसला अडकली. वर्षभराने १४ कोटी डॉलरचा दंड केलात, विक्रमी. मी वाचून खूश झालो आणि मग तपशील वाचला, तर त्यातली मोठी रक्कम पुढच्या वर्षांतल्या प्रवाशांना व्हाउचर म्हणून द्यायची. व्हाउचरची तुम्हाला भारी हौस.

आता हे असं का, यावर माझं मत. युरोपियन कमिशनला, म्हणजे ब्रुसेल्समध्ये बसून युरोपचे नियम मांडणाऱ्या संस्थेला, लोक निवडून देत नाहीत, त्यावर टीका होते आणि ती रास्त आहे, पण त्याचा एक उलटा फायदा असा की तिथल्या अधिकाऱ्याला दर दोन वर्षांनी निवडणुकीसाठी चेक गोळा करत हिंडावं लागत नाही. उलट ब्रुसेल्सवाल्यांना सतत सिद्ध करावं लागतं की आम्ही सामान्य माणसाच्या काही उपयोगाचे आहोत. नव्वदच्या दशकात त्यांनीही विमानधंदा मोकळा केला, कोणीही कुठूनही कुठे उडा, पण त्या मोकळीकीची किंमत म्हणून काही वर्षांत प्रवाशांचे हक्क जोडून दिले. इथे मोकळीक दिली आणि किंमत वसूल करायची राहून गेली. वर सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने निवडणुकीत कंपन्यांना स्वतंत्रपणे हवा तेवढा पैसा ओतायची मुभा दिली, आणि हाउसच्या, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या, सदस्याला तर निवडून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढची निवडणूक. मी असं म्हणत नाही की तुम्ही विकले गेलात. मी म्हणतो की विमान कंपन्यांची माणसं तुमच्या ऑफिसात रोज असतात आणि आम्ही रात्री गेटवर असतो, त्यामुळे कोणाचं म्हणणं कानावर जास्त पडणार हे उघड आहे.

तिकडेही रामराज्य नाही. जून २०२५ मध्ये युरोपातल्या वाहतूक मंत्र्यांनी कंपन्यांच्या दबावाखाली तीन तासांची मर्यादा चार आणि लांबच्या प्रवासाला सहा तास करायचं ठरवलं, सहाशेचे पाचशे करायचं ठरवलं. पण युरोपियन संसदेने विरोध केला, तीन तासच हवेत म्हणून अडून बसली. म्हणजे त्यांचं भांडण तीन की सहा तास यावर. आपल्याकडे मुळात भांडायला आकडाच नाही. ब्रिटनने युरोप सोडला तरी हा नियम सोडला नाही, पौंडात करून ठेवून दिला, २२० पासून ५२० पर्यंत. कॅनडाने २०१९ मध्ये आणला, मोठ्या कंपन्यांना हजार कॅनेडियन डॉलरपर्यंत. नायगाऱ्याला पलीकडे गेलं की हक्क सुरू होतात.

म्हणून मागण्या. अवाजवी एकही नाही.

भरपाईचा प्रस्ताव परत आणा, आणि यावेळी खात्याच्या नियमावर सोडू नका. खात्याने केलेलं पुढचं सरकार पुसतं हे आपण बघितलं, आणि २०२४ मध्ये लपवलेल्या शुल्कांबद्दलचा नियम केला तर कंपन्यांनी त्यावर जुलैमध्येच कोर्टातून स्थगिती आणली. त्यामुळे रिफंडसारखंच हे काँग्रेसने कायद्यात लिहावं. तीन तास, कंपनीच्या हातातलं कारण, रोख रक्कम, आणि कारण हातातलं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर, प्रवाशावर नाही.

जेवण आणि हॉटेल ही आश्वासनं न राहता सक्ती व्हावी. व्हाउचर दिलं तर त्या वेळी उघड्या असलेल्या दुकानात ते चाललं पाहिजे, नाही चाललं तर पावतीवर पैसे. व्हीलचेअरचा प्रवासी रात्री अडकला तर त्याच्याजवळ माणूस हजर असला पाहिजे. हे लिहायला लागतं हेच खरं तर लाजिरवाणं आहे.

प्रत्येक चेक-इन काउंटरवर आणि गेटवर हक्कांची पाटी लावा, ज्या एअरपोर्टवरून जास्त करून जे लोक जातात त्यांच्या भाषांत. आमची आई मराठी वाचते.

१९७८ च्या कायद्यातलं ते कलम बदला. भाडी आणि मार्ग राहू देत केंद्राकडे, पण फसवणूक आणि हालअपेष्टा यांवर राज्याच्या ॲटर्नी जनरलला दावा करता आला पाहिजे. केंद्राला करायचं नसेल तर न्यू जर्सीला करू द्या.

आणि तुमच्या खात्याचे वरचे अधिकारी विमान कंपन्यांच्या किती प्रतिनिधींना कधी भेटले याची यादी वेबसाइटवर टाका. युरोपियन कमिशनचे आयुक्त २०१४ पासून आपल्या भेटी जाहीर करतात, त्यात अशक्य काही नाही.

२०२६ च्या नोव्हेंबरमध्ये हाउसच्या सगळ्या जागांची निवडणूक आहे. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला, गणपतीला, दिवाळीला, उमेदवार दरवर्षी येतात, शाल-श्रीफळ घेतात, समोसे खातात आणि भारतीय समाज किती कष्टाळू वगैरे बोलून जातात. या वर्षी मंडळाच्या दारात मी या पाच मागण्यांचा इंग्रजी कागद घेऊन उभा असणार आहे आणि प्रत्येकाला एकच विचारणार, १९७८ च्या कायद्याच्या दुरुस्तीला तुमचं मत हो की नाही. जे उत्तर मिळेल ते नावासकट मंडळाच्या ग्रुपवर टाकणार, टाळाटाळ केली तर तसंही टाकणार. बाकीच्या गावांतल्या मंडळींनीही आपापल्याकडे हेच करावं, कागदाचा मसुदा ज्याला हवा त्याला पाठवतो.

कळावे,
न्यू जर्सीतला एक मतदार